नगरसेविका मृणाल गोरे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा आपल्या गावाचा रिवाज आहे. माझी विद्वत्ता म्हणाल तर सातवीपर्यंतची शाळा, पुढे चार वर्षे रात्रशाळा, आणि बाकीचे सारे युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात मिळालेले. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की मी कामगार कायद्यांवर बोलेन. मी नगरसेविकेवर बोलतो म्हणालो. त्यांना जरा नवल वाटले. युनियनवाल्या माणसाने एका नगरसेविकेचे चरित्र कशाला सांगावे, असे आपल्यापैकीही काहींच्या मनात आले असेल. त्याचे कारण आधी सांगतो, मग मूळ विषयाकडे वळतो.

पंचवीस-एक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथे सकाळच्या पाळीला लेट मार्क फार पडत. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. व्यवस्थापन म्हणे, कामगार आळशी झाले आहेत. आम्ही नावांची यादी काढली, तर निम्म्याहून अधिक माणसे एकाच वस्तीतली निघाली. त्या वस्तीत पाणी यायचे पहाटे साडेतीनला आणि जायचे पाचला. नळ एक आणि रांगेत हंडे दीडशे. घरातली बाई बाळंतीण असली किंवा आजारी असली की नवरा रांगेत उभा राही, आणि सात वाजता गेटवर पोचण्याऐवजी सव्वासातला पोचे. आम्ही कापलेला पगार परत मिळवला, पंधरा मिनिटांची सवलतही मिळवली. पण करारपत्रावर सह्या झाल्या म्हणून नळाला पाणी वाढले नाही. कामगाराचे आठ तास कारखान्यात जातात आणि सोळा तास वस्तीत. आठ तासांसाठी युनियन आहे. उरलेल्या सोळा तासांचा मालक कोण, तर बव्हंशी नगरपालिका. तेथे त्याच्या वतीने बोलणारे माणूस म्हणजे नगरसेवक. म्हणून आज मी मृणाल गोरे यांच्याविषयी बोलणार आहे.

मृणालताई पुढे आमदार झाल्या, खासदार झाल्या, विधानसभेत विरोधी पक्षाच्या नेत्या झाल्या. बहुतेक लेखांतून त्यांचे हेच टप्पे सांगितले जातात. पण लोकांनी त्यांना जे नाव दिले ते ‘पाणीवाली बाई’. ते मंत्रालयातून आलेले नाही, नळकोंडाळ्यावरून आलेले आहे. त्यांच्या नगरसेवकपदाच्या कामातून आलेले आहे. त्या नावाने त्यांचा सन्मान झाला हे खरे, तसे त्यांचे काम थोडे लहानही झाले असे मला वाटते. त्याबद्दल पुढे बोलेन.

त्यांचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरच्या त्या मोहिले. हुशार विद्यार्थिनी, डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तो काळ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा. राष्ट्र सेवा दलाच्या कामाने त्यांना असे ओढून घेतले की वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या चळवळीत उतरल्या. आजच्या आईबापांना हे ऐकून धडकी भरेल! १९४८ साली त्यांनी केशव गोरे यांच्याशी विवाह केला. कार्यकर्ते त्यांना बंडू गोरे म्हणत. विवाह आंतरजातीय होता, आणि त्या काळी तो सोपा नव्हता. दोघांनी गोरेगावात संसार मांडला. संसार म्हणण्यापेक्षा कार्यालय मांडले म्हणणे अधिक बरोबर होईल.

आजचे गोरेगाव पाहिलेल्या माणसाला तेव्हाचे गोरेगाव डोळ्यांसमोर आणणे कठीण जाईल. ते मुंबई शहरात नव्हते. १९५० साली मुंबईची हद्द उत्तरेकडे वाढली ती जोगेश्वरीपर्यंत. गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर हा पट्टा बृहन्मुंबईत आला तो १९५७ साली. तोपर्यंत गोरेगावला ग्रामपंचायत होती, आणि १९५३ साली मृणालताई त्या ग्रामपंचायतीवर निवडून गेल्या. महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचे केंद्र, रस्ता, गटार, दिवाबत्ती असल्या कामांत त्यांची उमेदवारी झाली. कुटुंबनियोजन हा शब्द त्या काळी चारचौघांत उच्चारायला पुरुषही लाजत. चाळीच्या जिन्यावर बसून बायकांशी त्या विषयावर बोलायचे, तर आधी त्यांच्या घरच्या सगळ्याच अडचणी ऐकून घ्याव्या लागणार. आणि पहिली अडचण पाण्याची.

१९५७ हे साल मुंबईच्या पाण्याच्या इतिहासातही मोठे आहे. शहराला पहिले नळाचे पाणी आले ते विहार तलावाचे, १८६० साली. मग तुळशी, मग १८९२ साली तानसा. वैतरणेवरचे मोठे धरण, ज्याला अभियंते मोडक यांच्या नावावरून मोडक सागर म्हणतात, ते १९५७ च्या सुमारास पुरे झाले. म्हणजे उपनगर शहरात आले आणि शहराला नवे पाणी मिळाले, ही दोन्ही एकाच वेळची. आता गंमत पाहा. धरण झाले म्हणजे नळ वाहू लागतो असे नाही. मोठ्या जलवाहिनीतून सेवाजलाशयात, तेथून मधल्या वाहिन्यांत, आणि त्यांतून गल्लीतल्या दोन-तीन इंची नळीत पाणी यायचे. जेथे वाहिनी आखूड, रुंद आणि उताराला, तेथे दाब भरपूर. जेथे वाहिनीचे शेवटचे टोक, तेथे करंगळीएवढी धार. आणि वाहिनी कोठे टाकायची, कोठला व्हॉल्व्ह किती वाजता फिरवायचा, हे जसे अभियंत्याच्या नकाशावर ठरते तसे ते महापालिकेच्या अंदाजपत्रकातही ठरते. या एका वाक्यात नगरसेवकाच्या कामाची सगळी गोम आहे.

१९५८ साली केशव गोरे अकाली वारले. मृणालताई तिशीच्या होत्या, पदरी लहान मुलगी. घरी बसल्या असत्या तर कोणी बोल लावला नसता. त्या बसल्या नाहीत. पतीच्या स्मरणार्थ गोरेगावात स्मारक ट्रस्ट उभा राहिला. तेथली वास्तू पुढे कित्येक चळवळींच्या बैठकांचे ठिकाण झाली. १९६१ साली मुंबई महानगरपालिकेची निवडणूक झाली आणि मृणालताई गोरेगावातून निवडून आल्या.

त्या १९६१ च्या सभागृहाविषयी आम्हा कामगार-कार्यकर्त्यांना विशेष आपुलकी आहे. टॅक्सीवाल्यांचे आणि पालिका कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस त्याच निवडणुकीत नगरसेवक झाले. कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकरही त्याच वेळी निवडून आल्या आणि पुढे १९ वर्षे नगरसेविका राहिल्या. तत्पूर्वी १९१९ ते १९२२ या काळात आयटकच्या संस्थापकांपैकी एक, ना. म. जोशी, महापालिकेचे सभासद होते. पण तेव्हा मत होते ते कर भरणाऱ्याला आणि भाडेकऱ्यांतल्या वरच्या थराला. प्रौढ मताधिकाराने मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. झोपडीत राहणाऱ्या बाईला मत देता येऊ लागल्याला अवघी तेरा वर्षे झाली होती, तेव्हा मृणालताई सभागृहात आल्या.

सभागृहात आल्या, पण हाती काय आले? १८८८ च्या कायद्याने मुंबईची महापालिका चालते. त्या कायद्यात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे आहे, आणि आयुक्ताला नेमते सरकार. नगरसेवकाला कारकुनाची बदलीसुद्धा करता येत नाही. त्याच्या हाती असते ते प्रश्न विचारणे, ठराव मांडणे, अंदाजपत्रकावर बोलणे, समितीत भांडणे. एवढ्या हत्यारांनी काय होणार म्हणून पुष्कळ नगरसेवक दुसरा मार्ग धरतात. अधिकाऱ्याशी गोडीगुलाबी ठेवून आपल्या माणसांची कामे करून घेतात. अमक्याची जोडणी, तमक्याच्या गल्लीतला दिवा. लोकांनाही तेच बरे वाटते. मग नगरसेवकाच्या दारात सकाळी माणसांची रांग लागते आणि त्याला वाटते, आपण लोकप्रिय झालो.

मृणालताईंनी रांग उलटी फिरवली. आपल्या दारातली रांग त्यांनी महापालिकेच्या दारात नेऊन उभी केली. हंडा-कळशी घेऊन बायकांचे मोर्चे निघू लागले. जलअभियंत्याच्या टेबलापुढे सभागृहातली सभासद आणि गल्लीतली बाई बरोबरीने उभ्या राहू लागल्या. यात एक बारकावा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. नुसता मोर्चा नेला तर अधिकारी सांगतात, तांत्रिक अडचण आहे. नुसता प्रश्न विचारला तर लेखी उत्तर येते, बाब विचाराधीन आहे. मोर्चातल्या बाईला किती वाजता, किती हंडे, किती दिवसांनी पाणी आले हे तोंडपाठ असते, आणि सभासदाला वाहिनीचा व्यास आणि तरतुदीचा आकडा माहीत असतो. दोघी एकत्र आल्या की अधिकाऱ्याला पळवाट राहत नाही. आम्ही वाटाघाटीला बसतो तेव्हा खात्यातला एक तरी मशीनवरचा कामगार बरोबर नेतो, तो याचसाठी.

खरी लढाई झोपडपट्टीच्या पाण्याची होती. प्रशासनाची बाजू आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती वेडगळ नव्हती. झोपडी विनापरवाना आहे. तिला नळ दिला तर उद्या तो पुरावा म्हणून पुढे येईल, झोपडी कायम होईल, जमीन अडकेल. म्हणून नळ नको. कागदावर हे बरोबर दिसते. पण नळ नाही म्हणून माणूस पाणी प्यायचे थांबतो काय? तो विकत घेतो, चोरून घेतो, डबक्यातले घेतो. मग कॉलरा, कावीळ, विषमज्वर, आणि ते काही झोपडीच्या हद्दीत थांबत नाहीत. आणि ती झोपडी कोणाची? याच शहराच्या कारखान्यांत, गोदीत, बांधकामावर राबणाऱ्यांची. त्यांचे श्रम कायदेशीर आणि त्यांची तहान बेकायदेशीर! मृणालताईंचा आग्रह होता की जमिनीचा वाद जमिनीच्या जागी राहू द्या. पाणी ही माणसाची मूलभूत गरज आहे, ते त्या वादाशी बांधू नका. वस्त्यांना सार्वजनिक नळ मिळू लागले ते अशा रेट्यातून. सरकारने झोपडपट्टी कायदा केला १९७१ साली, झोपड्यांची गणना करून फोटोपास दिले १९७६ साली. म्हणजे सरकारच्या दप्तरात झोपडीवाला माणूस म्हणून दाखल होण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे तो पाण्याच्या रांगेत नागरिक म्हणून उभा राहिला होता.

आता १९७२ सालाकडे येतो. त्या साली मृणालताई मोठ्या मताधिक्याने विधानसभेवर गेल्या. तेच दुष्काळाचे वर्ष. तेल, साखर, रॉकेल दुकानांतून गडप झाले. मृणालताई, अहिल्या रांगणेकर आणि निरनिराळ्या पक्षांतल्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. हातात लाटणे घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. घराघरांत थाळ्या वाजल्या. ‘लाटणे मोर्चा’ म्हणून वर्तमानपत्रांनी त्याची थोडी मौज केली. मी युनियनचा माणूस या नात्याने त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. महागाई वाढली की संघटित कामगाराला महागाई भत्ता वाढून मिळतो. किमतींचा निर्देशांक सरकले की पगार सरकतो. त्यासाठी आमच्या आधीच्या पिढीने संप केले, लाठ्या खाल्ल्या. पण मोलकरणीला भत्ता नाही, भाजीवालीला नाही, ज्याची गिरणीत बदली लागली तरच कामाला जातो त्याच्या बायकोला नाही. ज्यांना निर्देशांक नाही त्यांनी काय करावे? त्यांनी लाटणे उचलले. पगार वाढवून मागण्यासाठी त्यांच्यापुढे मालकच नव्हता. म्हणून त्यांनी भाव खाली आणा, रेशनवर माल द्या, असे सरकारला सांगितले. ही मागणी आमच्या भत्त्याच्या मागणीपेक्षा रुंद होती, हे कामगार चळवळीने कबूल करावयास हवे.

आणीबाणीच्या काळात त्या भूमिगत राहून काम करीत होत्या, मग पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना ठेवले ते एकाकी कोठडीत, शेजारी एका बाजूला कुष्ठरुग्ण आणि दुसऱ्या बाजूला वेड लागलेली स्त्री. १९७७ साली उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या, आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. घोषणा झकास आहे, पण मघाशी मी म्हणालो ते येथे सांगतो. पाणीवाली म्हटले की वाटते, बाईंनी नळ आणून दिले आणि बाया खूश झाल्या. प्रत्यक्षात नळ ही सुरुवात होती. गर्भलिंगचाचणीविरुद्धचे विधेयक त्यांनी १९८६ साली विधानसभेत आणले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा असा कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी झाला. १९८३ मध्ये निघालेले ‘स्वाधार’ केंद्र संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी होते. आणि घरांचे काम तर आहेच.

त्या घरांविषयी दोन शब्द. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याप्रमाणे मर्यादेबाहेरची जमीन सरकारने घेऊन गरिबांच्या घरांसाठी वापरावयाची होती. मालकांनी सुटीच्या कलमांचा आधार घेऊन जमीन जेथल्या तेथे ठेवली. मृणालताई आणि त्यांचे सहकारी बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत वर्षानुवर्षे झगडून गोरेगावच्या दिंडोशी भागात ६२ एकर जमीन मिळवली. तीवर सुमारे ६ हजार घरे सहकारी तत्त्वावर उभी राहिली. हा आकडा मुंबईच्या गरजेपुढे थेंबाएवढा आहे असे कोणी म्हणेल. म्हणो. पण कायदा नुसता कागदावर ठेवायचा नसेल तर त्यातून काय काढता येते, याचा दाखला त्या ६ हजार दारांवर आहे. तो कायदाच महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. त्यावर मोर्चा किती मोठा निघाला, हे आपणच आठवून पाहावे.

१७ जुलै २०१२ रोजी वसईला त्या निवर्तल्या. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला आज त्यांचे नाव आहे. पुलावरून मोटारी जातात. नाव पाण्याच्या टाकीला दिले असते तर अधिक शोभले असते असे आपले माझे मत.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे एकही नगरसेवक नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. राज्यातल्या इतर अनेक शहरांतही तेच झाले. त्या काळात चहाच्या टपरीवर मी एक वाक्य वारंवार ऐकले: ‘नगरसेवक नाहीत ते बरेच आहे, खाणारी तोंडे तरी कमी झाली.’ बोलणारे आपल्यासारखेच सुशिक्षित, पेन्शन घेणारे लोक. मला त्यांचा राग येत नाही. दारातल्या रांगेचे नगरसेवक त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत, दुसऱ्या जातीचे पाहिले नाहीत. परंतु प्रशासकाच्या काळात अंदाजपत्रकावर प्रश्न कोणी विचारला? वाहिनी या बाजूने का नेली आणि त्या बाजूने का नेली नाही, हे सभागृहात उभे राहून कोणाला विचारता आले? युनियन मोडली म्हणजे कारखान्यातली वर्गणी वाचते, एवढाच त्या हिशेबाचा अर्थ.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. मृणालताईंच्या पश्चात दोन वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात पाण्याचा हक्क येतो. झोपडी बेकायदेशीर आहे एवढ्याने तीत राहणाऱ्याला पाणी अजिबात नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. १९६१ साली सभागृहात जी गोष्ट हंडे आपटून सांगावी लागली, ती कायद्याच्या भाषेत यायला अर्धे शतक लागले. त्याच निकालात असेही आहे की अशा वस्तीला अधिकृत घरांच्या बरोबरीने पाणी द्यावे असे नाही, आणि दर जादा लावता येईल. म्हणजे हक्क मान्य, पण पाणी कमी आणि महाग! मृणालताई असत्या तर या दुसऱ्या भागावर बोलल्या असत्या, असे मी समजतो.

आणि मुंबईला आज रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी जाते. त्यातले बहुतेक ठाणे जिल्ह्याच्या आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांतून येते. तानसा, भातसा, मोडक सागर ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. जलवाहिनी त्यांच्या शेजारून जाते. त्या पाड्यांतल्या बायकांना मुंबईच्या महापालिकेत मत नाही, तेव्हा त्यांचा प्रश्न तेथे कोणी मांडावयाचा, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. आपल्या नगरपालिकेचे पाणीही कोणत्या गावांतून येते आणि त्या गावांना काय मिळते, हे येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या वॉर्डाच्या सभासदाला जरूर विचारा.